करंजवाडीचा सांडवा

१

बांध फुटला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बकुळा आमच्या पडवीत येऊन बसली, आणि माझा चहा जो निवला तो निवलाच.

मी हेमचंद्र गुप्ते. फौजदार म्हणून नोकरी केली आणि पेन्शन घेऊन बदलापुरात वडिलांच्या घरी येऊन राहिलो. थोडी भाताची खाचरं आहेत आणि दुखरे गुडघे आहेत. पेन्शन लागली की माणूस शांत होतो असं लोक म्हणतात. माझ्या बायकोला विचारा.

"अहो, तिच्यावर ओरडू नका," कुमुदिनी आतूनच म्हणाली. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

बकुळा सोनिवलीच्या पलीकडच्या करंजवाडीची. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. "भाऊसाहेब, माज्या मालकाला पोलिसांनी नेला. सरकारी बांध त्यानी फोडला म्हनतात. त्या पान्यात चौकीदार हरिचंद्र मेला, म्हनून खुनाची कलमं लावनार म्हने."

हा बांध मला ठाऊक होता. करंजवाडीच्या वरच्या टेकड्या झाडं तोडून तोडून उघड्या पडलेल्या. दर पावसाळ्यात तिथली लाल माती ओढ्यानं वाहून उल्हास नदीत जायची. ती माती अडवावी, पाणी मुरवावं, म्हणून सरकारनं ह्याच उन्हाळ्यात, म्हणजे छप्पन्न साली, ओढ्यावर मातीचा मोठा बांध घातला. काम चांगलंच. पण बांधामागच्या पाण्यात महिपतीचं, म्हणजे बकुळाच्या नवऱ्याचं, सगळ्यात कसदार वावर बुडालं. तेव्हा तो अख्ख्या वाडीसमोर ओव्हरसियरला म्हणाला होता, एक दिवस ह्या फावड्यानं तुमचा बांध खणून काढीन.

"आणि फावडं सापडलं कुठे?"

"फुटल्या जागी," ती खाली बघत म्हणाली. "त्याचंच हाय. पन ते कायम वावराच्या खोपटात असतंय. लागंल तो उचलतो."

"आणि समज, त्यानंच फोडला असेल तर?"

"फोडला असता तर मना सांगितलं असतं. त्याच्या पोटात काय ऱ्हात नाय." मग तिचा धीर सुटला. "दोन पोरी हायेत, भाऊसाहेब. त्याला जन्मठेप जाली तर मी कुनाच्या दारात उभी ऱ्हाऊ?"

मी नोकरीत ह्या प्रश्नाला उत्तर देत नसे. आता नोकरी नव्हती, त्यामुळे जास्तच राग आला. मी छत्री शोधायला उठलो.

"आनी एक सांगू?" बकुळा दारातून म्हणाली. "ओव्हरसियर साहेब कालपासून बांध खनतोय. बांध फुटला एकीकडं नि हा खनतो दुसरीकडं."

२

सध्याचा फौजदार शरदचंद्र एकेकाळी माझ्या हाताखाली होता. पोरगा प्रामाणिक, पण सरळ रस्ता दिसला की आजूबाजूला बघत नाही. त्यानं मला बांधावर नेलं.

मी पाहिलं आणि जागच्या जागी थांबलो. फुटलेला बांध असा नसतो. बांध फुटतो तेव्हा त्याचं पोट फाटतं. इथे बांध सबंध उभा होता. उजव्या बगलेला, जिथे तो टेकडीच्या कडक मुरमाला टेकतो, तिथे तेवढी एक अरुंद वाट खणलेली होती. दोन्ही कडांना गवतासकट काढलेली ढेकळं दाबून बसवली होती, आणि पाणी जिथून खाली पडतं तिथे एक मोठा सपाट दगड टाकलेला होता. वरून घासून घासून गुळगुळीत झालेला दगड. पाणी अजूनही त्याच्यावरून गुमान वाहत होतं.

"वाडीत किती घरं वाहून गेली?" मी विचारलं.

"एकही नाही, साहेब. कुणाच्या उंबऱ्यालासुद्धा पाणी लागलं नाही. नशीब म्हणायचं. फक्त हरिचंद्र तेवढा पात्रात सापडला. बांधानं ओढा अडवल्यापासून लोक कोरड्या पात्रातूनच वाडीला येतात, जवळ पडतं. दिवेलागणीची वेळ होती. एकदम लोंढा आला आणि खालच्या वळणावर करंजाच्या मुळांत त्याला अडकवून गेला."

"अंगावर काय होतं?"

"धोतर, सदरा."

"आणि इरलं?" आमच्याकडचा शेतकरी पावसाळ्यात पानांचं विणलेलं इरलं डोक्यापाठीवर घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही.

"वाहून गेलं असेल."

एवढ्यात ओव्हरसियर दिनानाथ पुढे आला. कडक इस्त्री, मऊ बोलणं. अंबरनाथला राहायचा. त्याच्यामागे बांधाच्या बरोबर मध्यावर माणसं चर खणत होती आणि बैलगाड्यांतून काळी चिकणमाती उतरवून त्यात भरत होती.

"दुरुस्ती चाललीय," तो म्हणाला.

"फुटलंय तिकडे, ओव्हरसियर."

"जरा बळकटी देतोय. लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"आणि सांडवा कुठाय?" बांध भरला की जास्तीचं पाणी बाजूनं निघून जायला दगडी वाट ठेवतात, तिला सांडवा म्हणतात. तो ह्या बांधाला नव्हताच.

"पुढल्या सालच्या मंजुरीत आहे."

"हरिचंद्र तुम्हांला कधी भेटला होता?"

"गेल्या आठवड्यात त्याचं तोंडही पाहिलं नाही. बांधावर पहारा करायचा सोडून भटकत असायचा. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण बोलावं लागतं." तो चुकचुकला आणि गाडीवाल्यांवर खेकसायला वळला.

मी त्या गुळगुळीत दगडाकडे पुन्हा पाहिलं. ओढ्यातला नव्हता तो, आणि टेकडीवरचाही नव्हता.

३

महिपती कुळगावच्या चौकीत गजांमागे बसला होता. उंच, हाडकुळा, भडक माथ्याचा.

"म्हनलो होतो मी फोडीन," तो म्हणाला. "शंभरदा म्हनलो असन. पन ऐका. बांध मलाच फोडायचा असता तर मी मधी नसता का फोडला? बगलंला चिंधीएवढी वाट पाडून माजं वावर मोकळं व्हतंय का? अर्धं अजून पान्यातच हाय."

हे खरं होतं. आणि शरदचंद्रला सुचलं नव्हतं, म्हणून मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो टोपी सारखी करू लागला.

"बांधावर आणखी काही पाहिलंस?"

"पायथ्याशी पानी सुटलं होतं, मधोमध. लाल, गढूळ पानी. त्याच दिशी सकाळी बघितलं. मी म्हनलं, मरू दे, आपल्याला काय."

मी उठलोच. मातीच्या बांधाच्या पायथ्याशी निवळ पाणी पाझरतं, त्याला कुणी भीत नाही. गढूळ पाणी आलं तर बांध आतल्या आत वाहून चाललाय असं समजायचं. मग तो पोटात फाटतो, आणि खालच्या घरांना ओरडायलाही वेळ मिळत नाही.

करंजवाडीला परत आलो तो हरिचंद्रच्या आईकडे. बनूबाईचं घर बांधाला सगळ्यात जवळचं. बाई पन्नाशी उलटलेली, पण खांद्यानं मजबूत. बांधाच्या कामावर बायकांची मुकादम होती. घरात दुसरं कुणी नाही. मुलगी अंबरनाथला दिलेली, ती सांत्वनाला येऊन बसली होती.

परसात पाय धुवायला गेलो आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतलो. शिवी तोंडातून निसटलीच. "न्हाणी आहे की भातखाचर?"

"चिखल जालाय खरा," बनूबाई म्हणाली. तिनं माझ्या पायांवर तांब्या ओतला. तिचा हात स्थिर होता. मला ते आवडलं नाही.

"हरिचंद्र त्या दिवशी कुठे गेला होता, बनूबाई?"

"मना काय ठावं," ती म्हणाली.

मुलीनं मान वर करून आईकडे पाहिलं, आणि काही बोलण्याआधीच बनूबाईनं तिला पाणी आणायला पिटाळलं.

"महिपतीनं फोडला असं तुला वाटतं?"

"पोलीस म्हनतात ना. त्यांना जास्त कळतंय."

पुत्र गेलेली आई मारेकऱ्याला एक शिवी देत नाही? नोकरीत मी आया पाहिल्यात. पोलिसांच्या हातातून आरोपी ओढून घेऊन नखांनी बोचकारायला धावतात. ही बाई महिपतीचं नाव निघालं की जमिनीकडे बघत होती.

४

दुसऱ्या दिवशी मी शरदचंद्रला घेऊन अंबरनाथला ओव्हरसियरच्या क्वार्टरवर गेलो. तो बांधावर असणार हे बघूनच गेलो. त्याची बायको वृंदाबाई दारात आली. सुशिक्षित, हसतमुख, पाहुण्यांसाठी आसुसलेली बाई.

व्हरांड्यात तुळशीच्या कुंडीशेजारी एक इरलं भिंतीला टेकून ठेवलं होतं.

"भात लावता की काय तुम्ही?" मी इरल्याकडे बोट दाखवून विचारलं.

"छे हो!" त्या हसल्या. "तो तुमच्या वाडीचा चौकीदार ठेवून गेला. भर पावसात आला होता, बांधातून काही पाणी येतंय म्हणून सांगायला. मी चहा दिला. पाऊस थांबला तोपर्यंत. बहिणीकडे राहणार होता रात्री. पण हे इतके चिडले, म्हणाले, आत्ताच्या आत्ता परत जा, बांधापाशी बस, आणि वाडीत एक शब्द काढलास तर नोकरी गेली समज. बिचारा घाईत इरलं विसरला. त्याला न्यायला सांगाल का?"

शरदचंद्रचा चेहरा उतरला. वृंदाबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं घरी सांगितलंच नव्हतं की तो माणूस मेला.

मी सांगितलं. त्या दाराला धरून खाली बसल्या.

बाहेर आल्यावर शरदचंद्र म्हणाला, "म्हणजे ओव्हरसियरनंच फोडला?"

"ओव्हरसियर कशाला फोडेल? त्याला तर बांध उभा हवाय. तो खोटं बोलला, पण फावडं त्यानं धरलं नाही." माझं डोकं दगडाभोवती फिरत होतं. लहानपणी भाताच्या खाचरातलं पाणी सोडायचं काम माझ्याकडे असे. बांधाला तोंड पाडलं की पहिल्यांदा तिथे दगड ठेवायचा आणि कडेला गवताची ढेकळं दाबायची, नाहीतर पाण्यासंगं खाचराची माती जाते. हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. हात आपोआप करतात. बापाशी भांडून खाचर फोडणारा पोरगासुद्धा दगड ठेवतो.

मग गुळगुळीत दगड. घोट्यापर्यंतचा चिखल.

"चल," मी म्हणालो. मला पुढे जायची अजिबात इच्छा नव्हती.

५

बनूबाई परसातच होती. मी न्हाणीशी उभा राहिलो.

"बनूबाई, इथला दगड कुठाय?"

मीच बोललो. शरदचंद्रला ऐकू जावं म्हणून सगळं मांडून बोललो.

"ज्यानं बांध फोडला त्याला बांध मोडायचा नव्हता. त्यानं बगल निवडली, कारण खाली मुरूम आहे, वाट रुंदावत नाही. कडा बांधल्या, दगड ठेवला. त्याला पाणी तेवढं काढून टाकायचं होतं, कारण मधला भाग फाटणार हे त्याला कळलं होतं. मधला भाग का फाटणार होता? आत काळ्या चिकणमातीचा गाभा भरलाच नव्हता, वरून नुसती मऊ माती लोटली. म्हणून ओव्हरसियर आता घाईघाईनं मध्ये खणून तीच माती भरतोय. आणि ज्याचं घर बांधाला लागून आहे, त्यालाच एवढा दगड ओढत नेता येईल. आणि त्याच्याच न्हाणीत आता चिखल होईल."

ती न्हाणीच्या कडेला बसली. पदराचं टोक पिळू लागली.

"आमीच मुरूममाती व्हायली," ती म्हणाली. "साहेबाला सांगितलं, मधी काळी माती घाला, धुम्मस मारून ठोकून बसवा. म्हनला, तू मुकादम हायेस, इंजनेर नाय. त्या दिशी लाल पानी बघितलं नि पोराला मीच आंबरनाथला धाडला. म्हनलं, रातचा बहिनीकडं ऱ्हा, इकडं येऊ नको. दुपारी पाऊस चढला. भोक मुठीएवढं जालं. साहेब येईना. वाडीला उठवावं, तर साहेबानी आदीच बजावलेलं, बोभाटा जाला तर पोराची नोकरी जानार. पोटाला दुसरं हाय काय आमच्या? मंग महिपतीचं फावडं आनलं. म्हनलं, पोरगा तर तिकडं सुखरूप हाय. पात्रात कोन नाय."

शरदचंद्रनं टोपी काढली.

"दगड कशाला ठेवलास?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"माती गेली असती ना, भाऊसाहेब. उनातानात आमी बायांनी डोक्यावरून व्हायलेली माती."

"आणि महिपतीला नेलं तेव्हा गप्प बसलीस? त्याच्या दोन पोरी आहेत." माझा आवाज चढला. चढायला नको होता.

"बसले गप्प," ती म्हणाली. तेव्हा ती रडली. "महिपतीनं फोडला म्हनतात तवर माज्या हरिचंद्राला मी नाय मारला. तेवढंच. दोन दिस तरी तेवढंच."

ती डोळे पुसून उठली, दार लोटलं, मुलीला चुलीवरचं बघायला सांगितलं. शरदचंद्रपाशी जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"मी चालले. पन त्या साहेबाला बी धरनार ना तुमी?"

"धरणार," मी म्हणालो. "माझा शब्द."

६

महिपती सुटला. इथपर्यंत गोष्ट बरी आहे.

खात्याचे मोठे साहेब चौकशीला आले. मी त्यांना म्हटलं, बांध मधोमध खणा; दिनानाथचं भरण अजून पुरं झालं नसेल, अशी माझी आशा होती. खणला. आत अशी सुंदर काळी चिकणमाती निघाली, ठोकून बसवलेली, की साहेबांनी दिनानाथची पाठ थोपटली. म्हातारीनं मुळात बांध फोडला नसता तर तो आपल्या आपण फाटला असता, वाडी वाहून गेली असती, आणि दिनानाथ कायमचा गजांआड गेला असता. तिनं वाडी वाचवली आणि त्यासोबत त्यालाही वाचवलं.

पण साक्षी होत्या, मी म्हणालो. वृंदाबाईंना समन्स गेलं. त्या माहेरी गेल्या होत्या, प्रकृती बरी नव्हती. इरलं व्हरांड्यात नव्हतं. शरदचंद्रनं ऐकलेलं सगळं लिहून दिलं. दिनानाथच्या वकिलानं विचारलं, बाई शपथेवर हे म्हणतात का? त्या नव्हत्या, म्हणून तेही गेलं. पोरगा तरी ठाम राहिला, एवढं त्याच्या बाजूनं सांगतो. नंतर त्याची बदली झाली.

वाडीतल्या कुणालाही गढूळ पाणी आठवेना. ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही, ते सगळे मूग गिळून बसले. बांध पुन्हा पुरा व्हायचा होता, रोजगार मिळायचा होता, ओव्हरसियरशी वाकडं कोण घेणार?

महिपतीनं तरी पाहिलं होतं. मी त्याची वाट पाहत होतो. तो आलाच नाही. बकुळा आली, पाटीभर काकड्या घेऊन.

"महिपती कोर्टात कधी बोलणार?" मी विचारलं.

तिनं पाटी खाली ठेवली. "साहेब म्हनला, बांध नीट करताना पान्याची पातळी खाली आननार. आमचं वावर सुटतंय, भाऊसाहेब. समदं."

"आणि बनूबाई?"

"तिनी माज्या मालकाला दोन दिस आत बसू दिला," बकुळा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो राग खोटा नव्हता, हेच वाईट. तिच्या जागी मीही असंच म्हणालो असतो.

मी काकड्या परत दिल्या. कुमुदिनीनं त्या पुन्हा घेतल्या. "तिच्यावर काय राग काढता? स्वतःच्या शब्दावर काढा," ती म्हणाली. बायकोला कुठे लागतं हे नेमकं ठाऊक असतं.

बनूबाईला मनुष्यवधातून सोडलं, पण सरकारी बांधाची नासधूस केली म्हणून ठाण्याच्या तुरुंगात पाठवलं. ती सुटून आली तेव्हा बांध पुरा झाला होता. दिनानाथला बढती मिळाली होती. बांधाला आता सांडवा होता, उजव्या बगलेला, मुरमावर, बरोबर तिनं खणला होता तिथेच. मोठ्या साहेबांनी पाहिलं म्हणे आणि म्हणाले, जागा उत्तम निवडलीय. दगडी पाटीवर दिनानाथचं नाव कोरलं आहे.

ती एकदा माझ्याकडे आली. पडवीत चढली नाही, खालीच उभी राहिली. ओव्हरसियरबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"भाऊसाहेब, तेवढा माजा दगड मिळवून द्या. न्हानीत चिखल व्हतो."

मी बांधावर गेलो. दगड सांडव्याच्या तोंडाशी होता, सिमेंटात पक्का बसवलेला, त्यावरून निवळ पाणी पडत होतं. नवा चौकीदार म्हणाला, "सरकारी मालमत्ता आहे, साहेब. मोठ्या साहेबांची परवानगी आणा." कोण मोठे साहेब ते मी विचारलं नाही.

घरी येऊन मी आमच्या न्हाणीचा दगड उपटला. कुमुदिनीनं दुसऱ्या टोकाला हात लावला. बैलगाडीत घालून तो करंजवाडीला नेला. बनूबाईनं त्याच्यावरून हात फिरवला आणि मान हलवली.

"चांगला हाय. पन ह्यो नको, बाबा. त्या दगडावर उभा करून मी हरिचंद्राला न्हाऊ घातला, ल्हान असताना. तोच पायजे व्हता."

ती आत गेली. गाडीवान जरा थांबून म्हणाला, "मग आता हा दगड कुठं टाकू, साहेब?"

मी त्या बिचाऱ्यावर उगाचच ओरडलो. दगड आम्ही परत घेऊन आलो.